हातात पट्टा असला की लोक बोलतात

जर्मनीत अनोळखी माणूस आपणहून बोलत नाही, असं आपल्याकडे समजतात. ट्राममध्ये, लिफ्टमध्ये, दुकानाच्या रांगेत ते बरंचसं खरंही आहे. पण हातात कुत्र्याचा पट्टा आला की चित्र पालटतं. हानोव्हरला आल्यावर कितीतरी महिने आमच्या गल्लीत माझी कोणाशी ओळख नव्हती. कपाशी आणि तांबू घरात आले आणि रोजच कोणीतरी थांबायला लागलं. कोणी कौतुक करतं, कोणी सल्ला देतं, कोणी सरळ झापतं. हिवाळ्यात गावी आले की भावाच्या शेरूला आणि काळीला सकाळी पांदणीनं फिरवून आणायचं काम मी घेते, तेव्हा तिथेही तेच. सूर वेगळा असतो, पण बोलल्याशिवाय पुढे कोणी जात नाही.

या बोलण्याला कसं सामोरं जायचं यावर मी खरंच पुष्कळ विचार केला आहे. कारण माझा आवाज चढला की कुत्र्याचं अंग ताठ होतं. माझ्या मनगटातला ताण पट्ट्यातून थेट त्याच्या मानेपर्यंत जातो, आणि समोरच्या माणसापासून काहीतरी धोका आहे असं त्याला वाटायला लागतं. म्हणून मी एक सवय लावून घेतली आहे. माणूस काय बोलतो याआधी त्याचे पाय बघायचे. तो पुढे येतोय की मागे सरकतोय? पुढे येणाऱ्याला थांबवायचं असतं, मागे सरकणाऱ्याला धीर द्यायचा असतो. टोमणा दोघांचा सारखाच असू शकतो.

हानोव्हर ज्या राज्यात येतं त्या नीडरझाक्सनमध्ये कुत्रा पाळण्याचा कायदा कडक आहे. २०११ च्या या कायद्यानुसार कुत्र्याला चिप लागते, सरकारी नोंद लागते, कुत्र्यानं कोणाचं नुकसान केलं तर भरपाईसाठी विमा लागतो. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याला त्याआधी लेखी परीक्षा द्यावी लागते आणि कुत्रा आल्यावर वर्षभरात प्रत्यक्ष परीक्षा. त्यावर नगरपालिकेचा कर, दुसऱ्या कुत्र्याला पहिल्यापेक्षा जास्त. परीक्षेचा अभ्यास मला फार उपयोगी पडला. कुत्रं ओठ चाटतं, तोंड फिरवतं, जांभई देतं, एकदम गोठल्यासारखं उभं राहतं, ही सगळी त्याची ‘मला त्रास होतोय’ असं सांगायची रीत आहे. गुरगुरणं त्यानंतर येतं आणि चावणं त्याच्याही नंतर. हे आपल्या गावातल्या प्रत्येक पोराला शाळेत शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

कायदा सगळ्यांना पाठ असल्यामुळे तिथलं बोलणं बरंचसं नियमांबद्दल असतं. १ एप्रिल ते १५ जुलै या काळात शेतशिवारात आणि जंगलात कुत्रं मोकळं सोडता येत नाही, कारण जमिनीवर घरटी करणारे पक्षी अंड्यांवर असतात आणि सशा-हरणांची पिल्लं गवतात लपलेली असतात. या दिवसांत पट्टा जरा लांब सोडला तरी सायकलवरून जाणारा माणूस ब्रेक लावून आठवण करून देतो. ‘हो, बरोबर आहे’ एवढं म्हणून मी पट्टा आवरते. तो माणूस सशाच्या पिल्लाच्या बाजूनं बोलत असतो. त्याच्याशी वाद कशाला घालायचा?

मला जड जातं ते एक वाक्य, जे जर्मनीत कुत्रा असलेल्या प्रत्येकानं ऐकलेलं असतं: ‘देअर टूट निक्स!’ म्हणजे हा काही करत नाही. दूरवरून मालक हे ओरडत असतो आणि त्याचं भलंमोठं मोकळं कुत्रं आमच्या दिशेनं धावत येत असतं. ते खरंच काही करत नसेल. पण तांबू मोठ्या कुत्र्यांना घाबरतो, त्याच्या मांडीवर जुन्या चाव्याचा वण आहे. अशा वेळी मी वळते, अर्धगोल घेत लांबून जाते, स्वतः मध्ये उभी राहते आणि मोठ्यानं, स्पष्ट सांगते की माझा घाबरतो, तुमचा बांधा. स्वीडनमध्ये २०१२ साली अशा कुत्र्यांच्या पट्ट्याला पिवळी फीत बांधायची चळवळ सुरू झाली, म्हणजे लोकांनी जरा अंतर ठेवावं. आम्ही ती फीत बांधतो. ज्यांना ठाऊक आहे ते लांबूनच हात करून बाजूला होतात, आणि त्यांचे मी दर वेळी आभार मानते.

तांबू आणि कपाशी दोघंही रोमानियातल्या रस्त्यावरचे. तिथली भटकी कुत्री आणून दत्तक देणाऱ्या संस्था जर्मनीत भरपूर आहेत, आणि त्यावर नाराज असणारी माणसंही. ‘आमच्या निवाऱ्यांत कुत्री नाहीत का, बाहेरून कशाला आणायची?’ हे मला तोंडावर विचारलं गेलं आहे. विचारणाऱ्यांतले काही जण निवाऱ्यात स्वतः काम करतात. त्यांची कळकळ मला समजते, त्यांच्याशी मी उभं राहून बोलते. पण हाच प्रश्न कधी कधी कुत्र्यावर न थांबता माझ्या चेहऱ्यावर येऊन थांबतो. बाहेरून आलेली बाई, बाहेरून आलेली कुत्री. तेव्हा मी ‘शुभ दिवस’ म्हणून चालू लागते. हे उत्तर मी विचारपूर्वक ठरवलेलं आहे. त्या माणसाला मला पटवून द्यायचं काही नाही, आणि कुत्र्यांची फिरायची वेळ कुत्र्यांची आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मात्र मी बरंच बोलले. ११ तारखेला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायचा आदेश दिला, ती बातमी इकडच्या वर्तमानपत्रांतही आली. बागेत लोक विचारायला लागले की तुमच्याकडे कुत्र्यांचा इतका राग का? २२ तारखेला आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री त्याच भागात परत सोडायची, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडून. मी त्यांना सांगितलं की हा राग नाही, भीती आहे. ती तुम्हाला कळत नाही, कारण तुमच्या देशानं ती संपवली. जर्मनीत १९८३ पासून कोल्ह्यांसाठी लस घातलेली आमिषं जंगलात टाकली गेली, पुढे विमानातून सुद्धा, आणि २००८ साली वटवाघळांमधला सोडून बाकी रेबीज देशातून गेल्याचं जाहीर झालं. म्हणून इथलं चार वर्षांचं पोर अनोळखी कुत्र्यापुढे हात करतं. आमच्याकडचं पोर दगड उचलतं.

आता गावाकडचं सांगते. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) तालुक्यात, नागपूर–अमरावती हायवेपासून फार आत नाही. डिसेंबरात सकाळी वेचणीला निघालेल्या बायांचा घोळका पांदणीत भेटतो.

“काऊन व माय, कुत्र्याले कोनी फिरवते का? थे आपल्या आपच फिरते ना!”

हा प्रश्न अगदी रास्त आहे. गावातलं कुत्रं मोकळंच असतं, त्याला घरं माहीत असतात, कोणाच्या दारात भाकरी मिळते आणि कोणाच्या दारात काठी, हेही. मग पट्टा कशाला? मी दोन कारणं सांगते. हायवेवरचे ट्रक, आणि कुंपणातला करंट. रानडुकरं कापूस-तूर लोळवतात, म्हणून कोणीतरी रात्री लाइनवरून थेट तारेत करंट सोडतो आणि सकाळी काढायला विसरतो. कुंपणाला लावायच्या झटका मशीनचा धक्का हलका असतो, तो बसून जनावर पळतं. थेट सोडलेल्या करंटनं जीव जातो, जनावराचाही आणि माणसाचाही. करंट म्हटल्याबरोबर सगळ्या बाया गप्प झाल्या. एकीनं विळा कमरेला खोचला आणि कोणत्या धुऱ्यानं जायचं नाही ते मला हात करून दाखवलं. कुत्र्याला पट्टा हा शहरी चोचला आहे असं त्यानंतर त्यांच्यातलं कोणी म्हणालं नाही.

“केवढ्याले पडलं?”, “काय खाते?”, “जर्मनीतून गावठीच आनलं का?” (तांबूचा फोटो बघून) या प्रश्नांना मी सरळ उत्तर देते. ही चौकशी आहे, आणि आपल्याकडे चौकशी न करणं म्हणजेच परकं मानणं. “संध्याकायी नोको जाऊ पांदनीनं, बिबट फिरून रायला” हा तर आदेशच समजायचा. बोरचं जंगल जवळ आहे, २०१४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे, आणि गावालगत आलेल्या बिबट्याला सगळ्यात सोपं सापडतं ते कुत्रं. अंधार पडायच्या आत आम्ही घरी असतो.

एक प्रश्न मात्र मला लागतो. “लेकरू नाई म्हनून कुत्रे पाळले का व?” विचारणारी बहुतेक वयस्कर बाई असते, तिच्या आवाजात वाईटपणा नसतो. मी म्हणते, “आजी, कुत्री ही कुत्री म्हणूनच पाळली. त्यांच्यावर जीव आहे.” आणि तिच्या घरची गाय कोणती, ती व्याली का, हे विचारते. ती गायीबद्दल ज्या मायेनं बोलायला लागते, त्यानंतर माझ्या मायेचं कारण तिला वेगळं सांगावं लागत नाही. हा प्रश्न मात्र तरण्या, हसणाऱ्या घोळक्यातून आला तर मी उत्तर देत नाही. माझं घर, माझं शरीर हा पांदणीवर चर्चेचा विषय नाही, मग ती पांदण असो की हानोव्हरची बाग.

सगळ्यात मोलाचा शेरा मला एका अनोळखी गुराख्याकडून मिळाला. आर्वी-कारंजा भागात गवळाऊ गायींचे कळप घेऊन फिरणारे नंदा गवळी समाजाचे लोक तुम्हाला माहीतच आहेत. कळप पुढे जाऊ देण्यासाठी आम्ही बाजूला उभे होतो. त्यांच्यातल्या एका काकाजींनी शेरूकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, “मांगच्या उजव्या पायावर वजन देऊन नाई रायला थो. पंजा पाहून घे.” बोटांच्या मधल्या कातडीत बाभळीचा काटा मोडलेला होता. घरातल्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आयुष्यभर जनावरांची चाल बघणाऱ्या माणसाचा शेरा हा परीक्षेच्या पुस्तकापेक्षा मोठा, आणि अशा माणसानं काही म्हटलं तर मी थांबते, ऐकते.

पण मागे सरकणाऱ्या पायांबद्दल मला जास्त सांगायचं आहे. गावातल्या आमच्या गल्लीतून शेरू-काळीला नेताना एक आई पोराला ओढून भिंतीला चिकटली आणि ओरडली, “आवर तुह्या कुत्र्याले! चावलं तं पोटात चौदा इंजेक्शनं कोन घेईन?” वरवर बघितलं तर ती भांडत होती. मी काळीला आणि शेरूला माझ्या पलीकडच्या बाजूला घेतलं, पट्टा आखूड धरला, त्यांना खाली बसवलं आणि म्हणाले, “ताई, आधी तुम्ही पुढे व्हा.” ती पुढे गेली, पोर मान वळवून बघत राहिलं. दुसऱ्या दिवशी तीच बाई थांबली आणि मग आम्ही बोललो.

पोटातली चौदा इंजेक्शनं आता नाहीत. ती जुनी लस देशात २००४ च्या शेवटी बनवणं बंद झालं. आता कातडीत द्यायची लस दंडावर देतात: पहिली लगेच, मग त्या दिवसापासून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. पण त्याआधीचं काम घरचं आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. तिखट भरायचं नाही, चुना लावायचा नाही, बांधून ठेवायची नाही. खोल चावा असेल, रक्त आलं असेल, तर लसीसोबत जखमेत रेबीजविरोधी सिरम टोचावं लागतं. ते तालुक्याला नसेल तर त्याच दिवशी वर्धा किंवा सेवाग्राम गाठायचं. कुत्रं ओळखीचं आहे, पाळलेलं आहे, म्हणून थांबायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

त्या आईच्या माहेरी एक मूल असंच गेलं होतं. तिनं ते सांगितलं तेव्हा तिच्या ओरडण्याला मी आदल्या दिवशी शब्दानं उत्तर दिलं नाही याचं मला फार बरं वाटलं. तिला माझं कुत्रं चांगलं आहे हे ऐकायचं नव्हतं. त्याला लस दिली आहे का, हे तिला हवं होतं, आणि शेरू-काळीचं कार्ड मी तिला मोबाइलवर दाखवू शकले.

म्हणून यंदा आम्ही एक ठरवलं आहे. एखाद्या भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्यासारख्या लहान गावात सत्तर टक्के गाठणं शक्य आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांशी भावाचं बोलणं झालं आहे, भावजयीनं घराघराची यादी सुरू केली आहे, आणि जागलीला नेतात ती शेतावरची कुत्री आम्ही आधी धरणार आहोत, कारण रानातल्या जनावरांशी गाठ त्यांचीच पडते. तुमच्या घरी कुत्रं असेल तर वहिनीकडे नाव द्या. पिल्लू तीन महिन्यांच्या वरचं असावं. येताना मजबूत दोरी आणा, तोंडाला बांधायला सुती फडकं आणा, आणि ज्याच्या हातून ते भाकरी खातं त्यालाच सोबत पाठवा.