गिअर टाकला की बंद: हिडकलच्या पाण्यावर आउटबोर्डच्या आयडलिंगचा शोध

गेल्या शनिवारी सकाळी बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकलच्या जलाशयात माझ्या बोटीचं इंजिन गिअरमध्ये ७५० आरपीएमवर सलग वीस मिनिटं चाललं. एकदाही ठसकलं नाही, एकदाही बंद पडलं नाही. ज्यांनी जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे टांगायचं इंजिन, सांभाळलंय त्यांना या दोन वाक्यांची किंमत कळेल. इथपर्यंत यायला दसऱ्यानंतरचे सगळे रविवार गेले. त्यातले पहिले तीन मी चुकीचा स्क्रू पिळण्यात घालवले, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहितोय.

इंजिन ४० हॉर्सपॉवरचं आहे. दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, दोरी ओढून चालू करायचं, पेट्रोलमध्ये ५०ला १ ऑइल, म्हणजे लिटरला २० मिली. गोव्यात एकाकडून घेतलं आणि चोर्ला घाटातून टेम्पोनं बेळगावला आणलं. बोट १४ फुटी, फायबरची, हलकी. पंखा मी मुद्दाम १३ इंच पिचचा (एका फेरीत तो पाण्यात जितका पुढे सरकेल ते माप) लावलाय. पाणी सपाट असलं आणि बोटीत एकटाच असलो तर जीपीएसवर ४८ किमीचा वेग मिळतो, आणि त्या वेगासाठीच हा सगळा खटाटोप आहे. पण वेग होता तरी बोट धक्क्याला लावता येत नव्हती.

तक्रार अशी: न्यूट्रलमध्ये १०००वर छान घुमायचं. पुढचा गिअर टाकला की काटा सरळ ५००च्या खाली आणि इंजिन गप्प. आणि दुसरी गोष्ट, पूर्ण थ्रॉटलवर चार-पाच मिनिटं पळवून एकदम थ्रॉटल सोडला की तेव्हाही बंद. दोन्हीचा शेवट एकच असल्यामुळे मी आजार एकच धरला. ते चुकलं, पण ते पुढे येईल.

बंद पडण्याला मी एवढा का भितो, तेही सांगतो. ऑगस्ट २०१९मध्ये वेदगंगा-दूधगंगेचं पाणी चढलं तेव्हा मी निपाणीकडे होतो. वाहत्या पाण्यात बोटीचं इंजिन बंद पडलं की वल्ह्यांनी काही होत नाही, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. हिडकलला पूर नाही, पण दुपारी वारा सुटला की तो बोटीला थेट काठच्या दगडांवर नेतो. धक्क्याजवळ, जिथं इंजिन सगळ्यात हळू चालवायचं असतं, नेमकं तिथंच ते दगा देत होतं.

पहिले तीन रविवार मी काय केलं? थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू, म्हणजे थ्रॉटल कुठपर्यंत मिटेल ते ठरवणारा, आत घेत गेलो. आयडलिंग, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरचं हळू घुमणं, १०००चं ११००, मग १३५०. गिअर टाकल्यावर इंजिन जेमतेम जिवंत राहायचं, पण गिअर असा बसायचा की सगळी बोट हादरायची. घरी पाण्याच्या ड्रममध्ये चालवून बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका काकांना दाखवलं. त्यांची सगळी हयात फिटर म्हणून गेली, कानानं बेअरिंग ओळखतात. दोन वेळा गिअर टाकून बघितला आणि म्हणाले, "किती पिळूलास त्या स्क्रूला? आत कुत्रं-क्लच हाय की. कोपरे गोल झाले की गिअर निसटत बसणार बघ." खरं होतं. कुत्रं-क्लच म्हणजे डॉग क्लच, पंख्याला इंजिनशी जोडणारा. त्याचे दात जास्त आरपीएमवर एकमेकांवर आदळले की त्यांच्या कडा झिजतात, आणि तो खर्च कार्बोरेटरच्या कितीतरी पट आहे. मी तिथंच स्क्रू मागे घेतला.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि सगळा शोध त्यावरच उलटला. "मिक्श्चरचा स्क्रू फिरवल्यावर काय होतंय?"

काहीच होत नव्हतं. वरच्या कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा आत घ्या, दोन आटे बाहेर काढा, आवाज तसाच. मला वाटत होतं की माझ्या कानालाच कळत नसावं. पण मिक्श्चर स्क्रूला इंजिन दाद देत नाही, हीच सगळ्यात मोठी खूण होती. याला दोनच कारणं असू शकतात. एक, पायलटची वाट (आयडलला पेट्रोल पुरवणारी बारीक वाट) कुठंतरी बुजलीय, त्यामुळे स्क्रू ज्या पेट्रोल-हवेवर ताबा ठेवतो ती तिथून जातच नाही. दोन, बटरफ्लाय (कार्बोरेटरमधली थ्रॉटलची फिरती पाती) इतका उघडलाय की पायलटचं भोक खेळाच्या बाहेर गेलंय.

दुसरं कारण जरा उलगडून सांगतो, कारण बऱ्याच जणांचं इथंच चुकतं. बटरफ्लाय जवळजवळ मिटलेला असतो तेव्हा त्याच्या इंजिनकडच्या बाजूला जोराचा ओढा असतो, आणि पायलटच्या बारीक भोकातून तो पेट्रोल खेचतो. त्याच्या जरा अलीकडे, पातीच्या कडेलाच, आणखी दोन-तीन बारीक भोकं असतात. थ्रॉटल थोडा उघडला की कड त्यांच्यावरून सरकते आणि तिथूनही पेट्रोल येऊ लागतं. आयडलपासून वर चढताना मधे खड्डा पडू नये म्हणून ती सोय. स्टॉप स्क्रू जास्त आत घेतला की आयडललाच ही भोकं उघडी पडतात. मग इंजिन आयडलवर नसतं, त्या मधल्या टप्प्यावर चालत असतं, आणि मिक्श्चर स्क्रूचा शब्द चालत नाही. शिवाय माझ्या इंजिनात थ्रॉटलच्या दांडीला टायमिंगही जोडलेलं आहे. स्क्रू आत गेला की स्पार्कही थोडा लवकर पडतो, आरपीएम आणखी चढतं, आणि खरा दोष झाकला जातो.

माझ्या बाबतीत दोन्ही कारणं एकत्र होती.

कोणता सिलिंडर आळशी आहे ते आधी पाहिलं. ड्रममध्ये इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून बॉडीला अर्थ केली. (सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर वायर नुसती हवेत लोंबकळत ठेवू नका. स्पार्कला वाट मिळाली नाही की आतली कॉइल नाहीतर युनिट जळू शकतं.) खालची काढली तर इंजिन लगेच बंद. वरची काढली तर आवाजात फरक नाही. म्हणजे आयडलला वरचा सिलिंडर नुसता सोबत फिरत होता, आणि गिअरचा सगळा भार एकट्या खालच्यावर पडत होता. कॉम्प्रेशन वर ११८, खाली १२२ पीएसआय, स्पार्क दोन्हीकडे निळा. गुन्हेगार वरचा कार्बोरेटर, यात आता शंका नव्हती.

उघडल्यावर समुद्राचा इतिहासच सापडला. फ्लोट बाऊलच्या, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या, तळाशी पांढरी भुकटी, ॲल्युमिनियम खारानं खाल्ल्याची. जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकांचे तुकडे) बाहेर काढून उजेडाला धरले तर स्वच्छ. पण जेटच्या पुढची बॉडीतली वाट गच्च. क्लीनर फवारला की एका भोकातून आत जायचा आणि दुसऱ्यातून बाहेर यायचाच नाही. पहिल्या वेळी मी फक्त जेट साफ करून समाधान मानलं होतं, तिथंच फसलो होतो.

शहापुरात ओळखीच्या सराफाकडे दागिने धुवायचं अल्ट्रासोनिक मशीन आहे. रबरी भाग सगळे काढून बॉडी त्यात दोनदा घातली, मग कॉम्प्रेसरची हवा मारली. तरी एक भोक राहिलंच. तिथं तार घालायचा मोह फार होतो, पण पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं बारीक भोक तारेनं मोठं झालं की ते परत लहान करता येत नाही. मी मासेमारीच्या गळाची बारीक नायलॉन दोरी वापरली. तिरकी कापून, क्लीनरमध्ये भिजवून, हळूहळू फिरवत. पाऊण तासानं आरपार गेली. त्यानंतर फवारा मारला तेव्हा बटरफ्लायच्या कडेला तीन बारीक धारा उडाल्या. एवढा आनंद बोट पहिल्यांदा पाण्यात सोडली तेव्हाही झाला नव्हता.

बॉडी हातात होतीच म्हणून फ्लँजवर, म्हणजे कार्बोरेटर इंजिनला बसतो त्या सपाट कडेवर, पट्टी ठेवून पाहिली. मधोमध ०.१५ मिमीची फिलर पाती सरकली. आधीच्या कुणीतरी नट गरजेपेक्षा जास्त आवळले होते, दोन्ही कान मागे वाकले होते. तिथून चोरटी हवा येणार आणि आयडलचं मिश्रण पातळ होणार, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. बेळगावात हे काम करणाऱ्यांची वाण नाही. उद्यमबागेत सरफेस प्लेटवर बारीक एमरी पेपर ठेवून काकांनी आठच्या आकड्यात घासून दिला. प्रत्येक दहा फेऱ्यांनी तपासायचे. नवं गॅस्केट घातलं, आणि नट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळले.

जोडताना दोन्ही बटरफ्लाय एकत्र मिटतायत का ते पाहिलं. नव्हते. खालचा पूर्ण मिटला तरी वरचा केसभर उघडा. दोन्हींना जोडणाऱ्या लिंकेजचा स्क्रू सैल करून, स्टॉप स्क्रू पूर्ण मागे घेऊन, दोन्ही पात्या आपापल्या स्प्रिंगनं मिटू दिल्या आणि मग लिंक आवळली. या कामाला पाच मिनिटं लागतात आणि याच्याशिवाय बाकी सगळी ट्यूनिंग फुकट जाते.

मिक्श्चर स्क्रू दोन्हीकडे हलकेच तळाला टेकवून दीड आटा बाहेर. माझ्या कार्बोरेटरचा स्क्रू हवेचा आहे: बाहेर काढला की मिश्रण पातळ, आत घेतला की दाट. तुमचा पेट्रोलचा असला तर उलटं होईल, आधी खात्री करा. ड्रममध्ये दोन्ही सिलिंडर जागे झाले, स्क्रूनं लगेच दाद दिली. मी खूश होऊन बोट ट्रेलरवर चढवली.

हिडकलला पाण्यात उतरवली आणि पुन्हा गिअरमध्ये ठसकायला लागली!

त्याचं कारण मात्र साधं निघालं. ड्रममध्ये पाण्याची उंची वेगळी, पंख्यानं ढवळलेलं पाणी वेगळं, आणि धूर बाहेर पडताना लागणारा दाबही वेगळा. बोट तरंगत असते तेव्हा एक्झॉस्ट किती खोल बुडलेला आहे त्यावर आयडल ठरतं. म्हणून शेवटची सेटिंग पाण्यातच, गिअरमध्ये, बोट धक्क्याला दोरानं पक्की बांधून करावी लागते. मित्राला सुकाणूवर बसवलं, मी मागे. एकेका कार्बोरेटरचा स्क्रू अष्टमांश आटा बाहेर घ्यायचा, पंधरा सेकंद थांबायचं. पातळ झालं की कार्बोरेटर शिंकतं. मग आत घ्यायचा, दाट झालं की आवाज जड होतो, इंजिन लंगडल्यासारखं डुलतं. या दोन टोकांच्या मधे जिथं सगळ्यात गोल आवाज येतो तिथून किंचित दाट बाजूला सोडायचा. अगदी पातळ कडेला ठेवलं की थ्रॉटल झटक्यात उघडताना शिंकून बंद पडतं. वर सव्वा आटा आणि खाली दीडला जरा कमी, इथं माझं जमलं.

समुद्रसपाटीवरून आणलेलं इंजिन इथं दाट चालणार असं मी धरून चाललो होतो. हिडकल साधारण ६६० मीटर उंचीवर आहे, हवा सहा टक्क्यांच्या आसपास विरळ. पण पेट्रोलही बदललंय. नुसत्या पेट्रोलला वजनी १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे साडेतेरा. म्हणजे तोच जेट आता पातळ मिश्रण देतो. उंची दाट बाजूला ओढते, इथेनॉल पातळ बाजूला, आणि माझ्या अंदाजानं इथेनॉलचा ओढा जास्त आहे. म्हणून जेट लहान करायचा बेत मी रद्द केला. टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रणावर पूर्ण थ्रॉटल म्हणजे पिस्टन जाम व्हायला आमंत्रण.

आणि त्या पूर्ण थ्रॉटलनंतर बंद पडण्याचं काय? ते तसंच होतं. पुढच्या रविवारी पळवताना मित्रानं पेट्रोलच्या पाइपमधला, हातानं पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी बल्ब हातात धरून ठेवला. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन मरायला लागलं की त्यानं बल्ब दाबायचा, असं ठरलं होतं. दाबला, आणि इंजिन सावरलं. बल्ब दाबून इंजिन जगतं म्हणजे पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पुरेसं पोचत नाही. उलट बल्ब दाबल्यावर आणखी गुदमरलं असतं, तर बाऊलमध्ये पेट्रोल सोडणारी फ्लोटची नीडल गळतेय असं समजायचं. पाइपच्या मधे तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा घातला तर पेट्रोलबरोबर बुडबुडे वाहत होते. टाकीकडच्या कनेक्टरमधली ओ-रिंग फुगून चिरली होती. तिथून पेट्रोल बाहेर गळत नव्हतं, हवा आत ओढली जात होती, म्हणून कधी ओलसुद्धा दिसली नाही. जोरात पळताना बाऊलमधली पातळी उतरायची, आणि थ्रॉटल मिटताच पायलटला पेट्रोल सापडायचं नाही. दोन ओ-रिंग, नवा पाइप, नवा बल्ब. वरच्या प्लगचा फिकट पांढरा रंग आता चहासारखा तांबूस झालाय, तो बघून छातीवरचं ओझं उतरलं. असंच आणखी काही दिवस पळवलं असतं तर तो पिस्टन गेला असता.

आता न्यूट्रलला ९५०, गिअरमध्ये ७५०. गिअर 'टक्' असा बसतो. उरलेलं पेट्रोल दर रविवारी टाकीतून काढून स्कूटरला घालतो. जायच्या आधी पाइप सोडून इंजिन आपणहून बंद होईपर्यंत चालवतो, म्हणजे बाऊल कोरडे राहतात.

थंड असताना मात्र अजून पाच-सहा वेळा दोरी ओढावी लागते. सकाळच्या गारठ्यात कार्बोरेटरच्या तोंडातून किंचित धुकं उलटं येताना दिसतं. वरच्या सिलिंडरची रीड पाती (मिश्रण आत सोडून परत न येऊ देणारी) नीट बसत नसावी असा संशय आहे. येत्या रविवारी मॅनिफोल्ड उतरवून बघणार.