देवमासा लांबून दाखवल्याची तक्रार

मिरिसाहून परत आलेल्या ग्रुपमधले एक काका सोमवारी ऑफिस उघडायच्या आधीच जिन्यात उभे होते. हातातल्या फोल्डरमध्ये दोन पानी तक्रार, मुद्द्यांना क्रमांक घातलेले. पहिला मुद्दा, ‘देवमासा जवळून दाखवण्यात आला नाही.’ शेवटचा, ‘सबब बोटीचे पैसे परत मिळावेत.’ त्या ग्रुपची टूर मॅनेजर मीच होते, म्हणजे तक्रार माझ्याविरुद्धच होती. पैशांचं त्याच दिवशी मिटलं. काकांनी विचारलेला प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मिरिसा श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. नोव्हेंबर ते एप्रिल तिथला समुद्र शांत असतो आणि किनाऱ्यापासून फार लांब न जाता खोल पाणी लागतं, त्यामुळे निळे देवमासे बघायला जगभरातून लोक येतात. लोकांना वाटतं, टूर मॅनेजर म्हणजे झेंडा धरून पुढे चालणारी बाई. बोटीच्या दिवशी माझं निम्मं काम पहाटेच उरकलेलं असतं. उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी प्रत्येकाने माझ्यासमोर घ्यायची, ज्यांना घाटात गाडी लागते त्यांची जागा बोटीच्या मधल्या भागात, आणि हॉटेलचा नाश्ता कुणी भरपेट खायचा नाही. वरंध घाटात ज्याला काही होत नाही त्यालाही बोट लागू शकते.

खरं काम त्याच्या कितीतरी आधी पुण्यात बसून, फोनवर होतं. ते म्हणजे बोट ठरवणं, आणि ते मी चांगलं करते असं मला मनापासून वाटतं. भाव विचारायच्या आधी मी बोटवाल्याला तीन गोष्टी विचारते. देवमासा दिसल्यावर वेग कधी कमी करता? कोणत्या बाजूने जाता? आणि तो आपणहून बोटीकडे आला तर काय करता? ज्याला काम कळतं तो न अडखळता सांगतो. वेग लांबूनच उतरवायचा. बाजूने, त्याला समांतर राहून जायचं. मागून जायचं नाही, कारण तो पाठलाग होतो; समोरून जायचं नाही, कारण त्याची वाट अडते. आई आणि पिल्लाच्या मध्ये शिरायचं नाही. तो जवळ आलाच तर गिअर न्यूट्रलला टाकून थांबायचं, तो दूर जाईपर्यंत पंखा फिरवायचा नाही. श्रीलंकेत २०१२ साली यासाठी नियम झाले, त्यात किमान अंतर १०० मीटर आहे. ऑस्ट्रेलियात मोठ्या देवमाशांसाठी १०० मीटरच, पण सोबत पिल्लू असेल तर ३०० मीटर. अमेरिकेत हवाईच्या हंपबॅक जातीच्या देवमाशांपासून १०० यार्ड, आणि अटलांटिकमध्ये राइट व्हेल जातीचे फार थोडे देवमासे उरले आहेत त्यांच्यापासून ५०० यार्ड.

टूरच्या आधी आमची मीटिंग असते, तिथे मी हे पुणेकरांना कळेल असं सांगते. पीएमपीची मोठी बस १२ मीटरची. तिथला पूर्ण वाढलेला देवमासा म्हणजे अशा जवळजवळ दोन बस, आणि आपण त्याच्यापासून आठ बस लांब थांबणार. त्या दिवशी सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, काकांनीही.

तरी ऑफिसात त्यांनी खिशातून फोन काढला. “हे बघा मॅडम. आमच्याच बिल्डिंगमधले आहेत. आपल्याच आठवड्यात गेले होते, दुसऱ्या कंपनीकडून. शेपूट बघा केवढी आलीये.”

मी तो व्हिडिओ माझ्या कॉम्प्युटरवर मोठा करून लावला. शेपूट खरोखरच केवढी तरी होती, चौकटीत मावत नव्हती. मी मागे नेऊन सुरुवातीपासून पुन्हा लावला. बोटीचं टोक थेट देवमाशाच्या पाठीमागे. इंजिनाचा आवाज चढत चाललेला. मागून कुणीतरी मराठीत ओरडतंय, “अजून जवळ घ्या, अजून!” देवमासा एकदा श्वास सोडतो, फवारा सरळ वर जातो. दुसऱ्यांदा सोडतो. लगेच पाठीची कमान होते, शेपूट वर येते आणि तो खाली जातो. संपला व्हिडिओ. मग मी काकूंनी आमच्या बोटीवरून घेतलेला लावला. लांबून, झूम करून, थोडा हललेला. त्यात तो सहा वेळा श्वास घेतो. प्रत्येक वेळी आधी फवारा, मग ती करडी-निळी पाठ सरकत राहते, सरकतच राहते, संपली असं वाटतं तेव्हा अगदी मागे तो चिमुकला पर दिसतो. एवढ्या मोठ्या जनावराला एवढासा पर, हे काकूंच्या व्हिडिओत दिसतं. शेजाऱ्यांच्या व्हिडिओत ते बघायला वेळच मिळत नाही.

काका पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. ते म्हणाले, “दोन व्हिडिओंवरून काही सिद्ध होत नाही.” ते बरोबरच आहे. पुढे म्हणाले, “तुमचा नियम मला मान्य आहे. पण त्या माशाभोवती सात बोटी होत्या, मी मोजल्या. सहा आत गेल्या, आपली थांबली. त्याला काय फरक पडला? नुकसान झालं ते माझं एकट्याचं.”

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. देवमाशाचं जग ऐकण्यावर चालतं. त्याला सात इंजिनं ऐकू येतात; त्यातली कोणती नियमातली आहे हे त्याला कसं कळणार? १०० मीटरचा आकडा प्रत्येक बोटीपुरता असतो. सातही बोटी १०० मीटरवर चहूबाजूंनी उभ्या राहिल्या तर प्रत्येक बोट अंतर पाळून आहे आणि देवमासा रिंगणात सापडलेला आहे. मी त्यांना ऑस्ट्रेलियाचं सांगितलं. तिथे देवमाशाच्या ३०० मीटरच्या आत एका वेळी तीनच बोटी चालतात, चौथीने बाहेर थांबायचं. म्हणजे अंतराबरोबर बोटीही मोजतात. काका म्हणाले, “हे शास्त्रशुद्ध आहे.” आणि लगेच पुढचा मुद्दा काढला. डोंद्रा म्हणजे श्रीलंकेचं अगदी दक्षिण टोक, त्याच्या खालून मोठ्या जहाजांचा रस्ता जातो, ती जहाजं देवमाशांना धडकतात, मग आम्हालाच का अडवता? धडकतात हे खरं आहे, तो जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या जहाजमार्गांपैकी एक आहे. पण २०२२ पासून एमएससीसारखी अवाढव्य जहाज कंपनी आपली जहाजं तिथून आणखी दक्षिणेला नेते आहे. कंटेनर वाहणारे लोक देवमाशासाठी वाट वाकडी करतात, आणि आपण सहलीला गेलेली माणसं आठ बस लांब थांबू शकत नाही? हे बोलताना माझा आवाज चढला असावा, कारण सरांनी आत बोलावलं.

सरांनी काकांना पुढच्या टूरवर सूट देऊन विषय संपवला. मला राग सूट दिल्याचा नाही. राग आमच्या माहितीपत्रकाचा आहे. मी मीटिंगमध्ये आठ बस सांगते आणि त्याच टेबलावरच्या पत्रकात छापलेलं असतं, ‘निळ्या देवमाशाची अगदी जवळून भेट’. ते लिहिणारा मुलगा हुशार आहे, पण तो कधी त्या बोटीवर गेलेला नाही आणि त्याला पाठवायचं कुणाच्या मनातही येत नाही. काकांनी पैसे भरले ते पत्रक वाचून. हेच आपल्याकडे दापोलीच्या बाजूला डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटींचं. डॉल्फिन काय, देवमासा काय, १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. तरी मुंबई-पुण्याचे पर्यटक “पळव, पळव” म्हणतात आणि बोटवाला पळवतो. नुसती त्याला नावं ठेवणं मला पटत नाही. त्याची पुढची फेरी त्याच पर्यटकांच्या खुशीवर ठरते.

पत्रकासाठी मी नवीन वाक्य लिहून दिलं आहे: ‘बोट देवमाशापासून किमान १०० मीटर लांब राहील. यासाठी पैसे परत मिळणार नाहीत.’ सरांनी दुसरं वाक्य काढून टाकलं, पहिलं ठेवलं. पहिलं राहिलं हेही आमच्या धंद्यात थोडं नाही.

बोटींच्या गर्दीचं काय करायचं ते काकांनीच जाता जाता जिन्यात सुचवलं. “सगळ्या बोटी एकाच वेळी का सोडतात? दीड तास उशिरा निघा. या सहाजणी परत फिरतील तेव्हा तुम्ही पोहोचाल.” मी संध्याकाळीच बोटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, जमेल, पण उन्हं वर आली की वारा सुटतो, लाटा वाढतात, तुमच्या निम्म्या लोकांना बोट लागेल. आणि उशिरा जाऊन काहीच दिसलं नाही तर तुमची माणसं मला बोलतील, ते तुम्ही सांभाळायचं, तसं लिहून द्या. मी लिहून द्यायला तयार आहे. कंपनीच्या लेटरहेडवर द्यायचं तर सरांची सही लागते, आणि तो कागद अजून त्यांच्या टेबलावर आहे.