बारदानातलं अनुमान

आखाजी (अक्षय तृतीया) उरकली की खानदेशात घरचं सोयाबीन तपासायला निघतं. ओल्या बारदानावर दहा ओळी, ओळीत दहा दाणे, दाण्यादाण्यात बोटभर अंतर. वर दुसरं ओलं बारदान, सैल गुंडाळी, सावली, रोज पाण्याचा हबका. पाणी फार झालं तर चांगलं बीही कुजतं. सहा-सात दिवसांनी फक्त धड कोंब मोजायचे. वाकडा, बिनमुळाचा कोंबही हिशेबात धरणारा शेतात फसतो. सत्तर निघाले तर एकरी 30 किलो बी.

पण मोजलेला दाणा पेरला जात नाही आणि पेरला जाणारा कधीच मोजलेला नसतो! स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं 1748 साली बोट ठेवलं ते इथंच: पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याकडे आपल्याला तर्क नेत नाही, सवय नेते. शंभरात सत्तर उगवले तर गोणीचा खरा आकडा साधारण 61 ते 79 मध्ये कुठंही असू शकतो. तीनशे दाणे घेतले की तोच पट्टा 65 ते 75 वर येतो. अर्थात, गोणीच्या तोंडचेच दाणे उचलले असतील तर तीनशेही फुकट. थप्पीखाली दबलेल्या बियांबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

दहाव्या शतकातला न्यायदर्शनाचा पंडित उदयन, त्याचं या शंकेवरचं उत्तर मला ह्यूमपेक्षा रांगडं वाटतं. धुरासाठी जो आग पेटवतो त्यानं आग-धुराच्या नात्यावर शंका घेऊ नये; स्वतःच्या कृतीशी विरोध येतो तिथं शंका संपते. वेदान्ती पंडित श्रीहर्षानं पुढं त्याचाच श्लोक त्याच्यावर उलटवला, आणि तेही रास्तच. पेरणाऱ्याचा भरवसा त्याच्या कृतीतून दिसतो, बियांचा नव्हे.

मात्र हा भरवसा मोजता येतो. इंग्रज गणिती-तत्त्वज्ञ फ्रँक रॅम्सीनं 1926 मध्ये म्हटलं तसा, माणूस त्याच्या जोरावर काय करायला धजतो त्यावरून. उगवण साठच निघाली तर 30 गुणिले 70 भागिले 60, म्हणजे 35 किलो. जादाचे पाच किलो हे शंकेचं वजन.

किती पुरावा पुरेसा, हे चूक किती महाग पडेल त्यावर ठरतं, असं अमेरिकन तत्त्वज्ञ रिचर्ड रुडनरनं 1953 मध्ये मांडलं. म्हणून तर तोच शेतकरी कपाशीची धूळपेरणी कोरड्यात उरकतो, कारण तिथं तुटाळ पडली, म्हणजे मधेमधे बी उगवलं नाही, तर नांग्या भरता येतात, त्या रिकाम्या जागी पुन्हा बी टोचता येतं. सोयाबीनसाठी मात्र 75 ते 100 मिलिमीटर पावसाची वाट बघतो. ते फसलं तर अख्ख्या वावरात पुन्हा तिफण घालावी, म्हणजे पेरणी करावी लागते.