साडेतीन सूत कोरी जागा

चामड्याच्या दोन वाद्या घ्यायच्या. दोन्हींच्या मधोमध, लांबीच्या दिशेनं, सारख्या अंतरावर चिरा पाडायच्या. मग पहिलीचं टोक दुसरीच्या चिरेतून आरपार ओढून घ्यायचं, दुसरीचं पहिलीच्या चिरेतून, की पुन्हा पहिलीचं दुसरीच्या. वाद्या संपेपर्यंत हेच. शिलाई नको, रिबिट नको, सोल्यूशन नको. एका टोकाला हात घालायला वळसा, दुसऱ्या टोकाला पितळी हूक, आणि कुत्रं फिरवायची दोरी तयार. ओवायला तसा फार वेळ लागत नाही. वेळ सगळा खातात त्या चिरा.

आमचा टिप्या गावठी, अंगानं बेताचा, पण मांजर दिसलं की त्याचं वजन दुप्पट होतं. नायलॉनची दोरी त्यानं हिसडली की तळहात भाजून निघतो. शेजारच्या काकूंचं मत, सरळ साखळी आणावी, साखळीसारखं मजबूत काही नाही. खंडोबाच्या उत्सवात वाघ्या लंगर तोडतात, तो लोखंडाचाच असतो आणि हिसक्यासरशी तुटतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "अगं, तिथं देव असतो," काकू म्हणाल्या. टिप्याच्या अंगात त्या क्षणी काय येतं ते काकूंनी जवळून पाहिलेलं नाही.

तर चामडं. कोल्हापुरात राहून ते शोधत हिंडावं लागत नाही. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं, आपल्या चपलेला लागतं तसलंच म्हशीचं चामडं मी घेतलं, तीनेक मिलिमीटर जाडीचं. क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं, चामडं मऊ असतं, रंगही झकास मिळतात, पण त्याला कणा नसतो. त्यात पाडलेली चीर ओठ सैल सोडून बसते. सालीत कमावलेल्या चामड्यात ती मिटून राहते. शिवाय त्याला सालीचा एक दाट वास असतो. तो टिप्याला इतका आवडतो की काम चालू असेपर्यंत वाद्या टेबलाच्या मधोमध ठेवाव्या लागतात, कडेला नाही.

चामडं सगळीकडे सारखं असतं असं मला वाटायचं, कापडाच्या ताग्यासारखं विकतात म्हणून असेल. तसं नसतं. जनावराच्या कण्यालगतचं घट्ट, पोटाकडचं सैल. पोटाकडच्या वादीवर कितीही काटेकोर चिरा पाडा, कुत्र्यानं आठवडाभर ओढली की अंतरं वाढणार, आणि तीही जागोजाग वेगवेगळी. म्हणून वादी पाठीकडची घ्यायची, कण्याला समांतर कापलेली. खुणा करायच्या आधी ती ओली करायची, एक टोक खिळ्याला अडकवायचं, दुसरं ताणून बांधायचं आणि तशीच वाळू द्यायची. काय ताणायचं ते आत्ताच ताणून घे बाई, नंतर तक्रार नको.

मापं आमच्याकडे सुतात चालतात. आठ सूत म्हणजे एक इंच. सुतार, गवंडी, चपला करणारे, सगळे सुतात बोलतात आणि मिलिमीटरवाल्याकडे जरा दयेनं बघतात. माझी वादी अर्धा इंच रुंद, म्हणजे चार सूत. ती जिच्यातून जायची ती चीरही नेमकी चार सुताची केली तर वादी अडते. पाचाची केली तर वीण ढिली पडून फटी दिसतात. साडेचार बरोबर बसते. उरली पुढच्या चिरेपर्यंत साडेतीन सूत कोरी जागा. दोन्ही मिळून आठ सूत, इंचाला एक चीर. चार फुटी दोरी करायची तर प्रत्येक वादीवर चाळिसाच्या वर चिरा.

चीर पाडताना खाली काहीच पडत नाही, ना भुसा, ना कातरण. चामडं तेवढंच राहतं, फक्त वादीच्या दोन बाजू तेवढ्या जागेपुरत्या एकमेकींपासून सुट्या होतात. त्यांना पुन्हा एकत्र धरून ठेवते ती साडेतीन सुताची कोरी जागा. माणूस बघतो चिरांकडे, कारण त्या आपण पाडलेल्या असतात. टिप्याचा हिसका येतो तो कोऱ्या जागेवर. एखाद्या ठिकाणी ती दोनच सूत राहिली तर दोरी फाटायला सुरुवात तिथूनच होणार.

आता या चाळीस-पंचेचाळीस खुणा सारख्या करायच्या कशा? पट्टी ठेवायची, इंचाइंचाला टिंब द्यायचं, यात विचार करण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. पट्टीनं करून बघा. प्रत्येक टिंब आपापल्या आकड्यासमोर असतं, पण कुठलं केसभर अलीकडे पडतं, कुठलं केसभर पलीकडे. अलीकडे सरकलेल्याच्या शेजारी पलीकडे सरकलेलं आलं की दोघांतली जागा दोन केस जास्त रुंद. वादीची एकूण लांबी मात्र चोख. चाळिसावं टिंब बरोब्बर चाळीस इंचावर. पट्टीला हिशेब शेवटी जुळला की झालं, शेजाऱ्याशेजाऱ्यांत काय चाललंय याच्याशी तिला देणंघेणं नाही.

दुसरा मार्ग कर्कटकाचा. कंपासपेटीतली ही दोन अणकुचीदार पायांची वस्तू शाळेच्या बाकांवर नावं कोरण्यासाठीच दिलेली असते अशी आमच्या पिढीची समजूत होती. कर्कटकाचे पाय इंचभर फाकवायचे, स्क्रू आवळायचा आणि ओलसर चामड्यावर एक पाय रोवून दुसरा टाकत, त्यावर गिरकी घेऊन पहिला टाकत चालवत न्यायचं. ओल्या चामड्यावर टोचा छान उठतो आणि वाळल्यावरही राहतो. (बॉलपेन चुकूनही लावू नये, ती शाई जन्मभर दिसते.) पाय फाकवतानाच अर्धा मिलिमीटर जास्त फाकले असले तर तो अर्धा मिलिमीटर प्रत्येक पावलाला जमा होतो. चाळीस पावलांत वीस मिलिमीटर. जवळजवळ पाऊण इंच! हिशेबाच्या दृष्टीनं हे भयंकर आहे. पण वादीकडे बघा. प्रत्येक अंतर शेजारच्या अंतराएवढंच. दुसरी वादीही स्क्रूला हात न लावता त्याच पायांनी चालवली की दोघींच्या चिरा समोरासमोर येतात, आणि वीण अशी बसते की कुठून सुरुवात केली ते सापडू नये.

म्हणजे सारखेपणा दोन जातीचा असतो. एक पट्टीशी सारखं असण्याचा, एक शेजाऱ्याशी. मला इतकी वर्षं ते एकच वाटत होते. पायांना मात्र हा फरक केव्हाच कळलेला असतो. पन्हाळ्याला तीन दरवाजाकडे किंवा कुठल्याही गडावर चढताना दोन पायऱ्या सारख्या मिळत नाहीत, पण माणूस खाली बघत चढतो आणि धडधाकट वर पोचतो. सोसायटीच्या जिन्यात सगळ्या पायऱ्या एका उंचीच्या असतात आणि एकच बोटभर उंच असते. तिथं मात्र रोज कुणीतरी ठेचकाळतो. ती पायरी प्रमाणभूत उंचीची आहे असं सिद्ध करून दाखवलं तरी ठेच लागायची राहत नाही. तिच्या वरची आणि खालची तशी नाही ना.

हे मला चप्पल लाईनीतल्या एका मामांकडे आधीच बघायला मिळालं होतं, फक्त समजलं नव्हतं. त्यांचं दुकान म्हणजे एक माणूस आणि त्याचं सामान मावेल एवढी जागा. मी माझी वादी, स्टीलची पट्टी आणि टोकदार पेन्सिल घेऊन चीर कशी सरळ पाडावी हे विचारायला गेले होते. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, हे कशाला आणलाय?"

"मोजायला."

"पयली चीर तेवढी मोजा. फुडची कुठं पडायची ते तीच सांगती."

त्यांच्याकडे पत्र्याची एक चिंचोळी पट्टी होती, एका टोकाला जिभेसारखी वाकवलेली. ती जीभ आधीच्या चिरेत बसवायची, पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला सपाट पात्याची छिन्नी टेकवायची, मोगरीचा एक ठोका. जीभ नव्या चिरेत, छिन्नी पुढे, ठोका. छिन्नीचं पातंच साडेचार सुताचं, त्यामुळे चिरेची लांबी मोजायचा प्रश्न मिटलेला. रापीनं ओढून चीर पाडली की एक लांब, एक आखूड होते. छिन्नी दर वेळी तेवढीच चावते. मामांचं अर्धं लक्ष पेठांच्या फुटबॉल मॅचकडे होतं. रेफ्रीनं कुठला गोल नाकारला आणि तो कसा शंभर टक्के गोल होता हे ते मला समजावत होते आणि हात ठोके घालत होता. एकूण किती चिरा पडतील, असं मी विचारलं.

"वादी सरंल तवा चिरा सरत्याल."

पट्टीच्या माणसाला हे उत्तर पचत नाही. मी घरी येईपर्यंत त्याच्यावर मनातल्या मनात वाद घालत होते.

एक गोष्ट मात्र मामांनी ठासून सांगितली. चिरेच्या दोन्ही टोकांना पंचानं बारीक भोक पाडायचं, दोनेक मिलिमीटरचं. टोकदार चीर ओढ बसली की पुढे पळते; गोल भोकाशी येऊन थांबते. ताण टोकाशी गोळा होतो आणि टोक जितकं अणकुचीदार तितका जास्त गोळा होतो, हे केंब्रिजच्या सी. ई. इंग्लिस यांनी १९१३ मध्ये गणितानं मांडून दाखवलं, तेही धातूच्या पत्र्यांसाठी, जहाजं बांधणाऱ्यांसमोर. चामडं पत्र्यासारखं तडकत नाही, त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे ते फाटतं ते सावकाश, पण फाटतं टोकापासूनच. मामांना इंग्लिससाहेब ठाऊक नाहीत. इंग्लिससाहेबांनाही मामांसारखे कुणी ठाऊक नसावेत, नाहीतर त्यांचं बरंच काम वाचलं असतं.

या भोकांतून मात्र खाली पडतं बरं का. बारीक बारीक टिकल्या. एका वादीच्या ऐंशी-नव्वद होतात. मुलगी त्या डबीत भरून ठेवते, कशासाठी ते तिलाही सांगता येत नाही. डबीत जायच्या आधी ज्या जमिनीवर पडतात त्या टिप्या खातो.

कुत्र्याच्या गळ्यात चामडं घालून त्यावर इतका जीव पाखडणारी मी काही पहिली नाही. इजिप्तमध्ये राजांच्या खोऱ्यात मैहेरप्री नावाच्या एका सरदाराची कबर १८९९ मध्ये सापडली. राजा नसून राजांच्या शेजारी पुरला गेलेला माणूस. त्याच्या सामानात कुत्र्याचे दोन चामडी पट्टे होते, सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचे. एकावर शिकारीची दृश्यं, दुसऱ्यावर घोडे, आणि त्या दुसऱ्यावर कुत्रीचं नावही लिहिलेलं: तंतानुइत. चित्रं बघताना माझी नजर पहिल्यांदा कुठं गेली असेल? घोड्यांमधल्या अंतरांवर. हा आता एक रोगच झाला आहे. बसच्या खिडक्या, कंपाउंडच्या जाळ्या, देवळाच्या दीपमाळेचे हात, कुठंही उभी राहिले की डोळा शेजाऱ्याला शेजारी लावून बघतो.

चामड्याचे तोटेही सांगायला हवेत. आमच्याकडच्या पावसात दोरी दाराआड टांगून ठेवली की तिच्यावर पांढरी बुरशी येते, आणि भिजून वाळली की ती काठीसारखी ताठ उभी राहते. तेलाचा हात फिरवावा लागतो. तेल लावलं की टिप्याला ती पुन्हा खाऊ वाटायला लागते. यावर उपाय मला सापडलेला नाही, मामा म्हणतात कुत्रं बदला.

सध्या पहिली वादी झाली आहे, दुसरी अर्ध्यावर आहे, आणि घरात तणाव आहे. कर्कटक माझं नाही, मुलीच्या कंपासपेटीतलं आहे. त्याचा स्क्रू मी आवळून वरून चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि कुणीही हात लावायचा नाही असं सांगून ठेवलं आहे, कारण पाय एकदा हलले की तेच अंतर पुन्हा सापडणं कठीण, आणि दोन वाद्यांचं पटायचं नाही. सोमवारी तिचा भूमितीचा पेपर आहे.

"तुला कर्कटक लागतंच कुठं? कुणालाच लागत नाही," मी म्हटलं.

"बाई पेटी तपासतात. सगळं असायला लागतं." मग तिनं माझी पहिली वादी उचलली, तिच्यावर आपली पट्टी लावली आणि शेवटच्या चिरेपर्यंत नेली. दहावीच्या मुलांना हल्ली कशाचीच भीड नसते. "आई, हे इंच नाहीयेत. प्रत्येक थोडंसं जास्त आहे. दोरी पाऊण इंच लांब होणार तुझी."

"होऊ दे की."

"मग टिप्याला काय फरक पडेल?"

"तो पाऊण इंच पुढे चालेल."