कापडी पॅड, विहिरीचं पाणी आणि गोव्याचा पाऊस

पाळीत वापरायचे कापडी पॅड धुणं अवघड नाही. गोव्यात घोडं अडतं ते दोन ठिकाणी: चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या जमिनीतलं लोह असलेलं पाणी आणि जून ते सप्टेंबरची ओल. धुण्याच्या बहुतेक सूचना "उन्हात वाळवा" म्हणून मोकळ्या होतात. जुलैत सत्तरी तालुक्यात ऊन कुठून आणायचं? म्हणून या दोन गोष्टींवर मी जरा जास्त लिहिते आहे.

नवा पॅड वापरण्याआधी दोन-तीनदा धुवून वाळवावा. सुती कापडावर नैसर्गिक मेण असतं, वर गिरणीतली खळ. ती जाईपर्यंत कापड नीट शोषत नाही. पॅड गळतो आणि "कापडी पॅड कामाचे नाहीत" असा शिक्का बसतो.

वापरलेल्या पॅडला आधी गार पाणी. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं घट्ट होतात आणि धाग्याला धरून बसतात. मग तो डाग हटता हटत नाही. न्हाणीत नळाखाली पॅड कापडाची बाजू वर करून तळहातावर धरायचा आणि अंगठ्याने मधोमध दाबत राहायचं. पीळ घालू नये. खालचा पाणी अडवणारा पीयूएलचा (प्लास्टिकचा लेप दिलेल्या कापडाचा) थर पिळल्याने सुटतो आणि आतली कापडं गोळा होतात. धार फिकट झाली की गार पाण्यात अर्धा-एक तास भिजवायचा. हे पाणी मी जास्वंदीच्या मुळाशी ओतते. डाग सुकलेला असेल तर दोन-तीन तास, मध्ये एकदा पाणी बदलून. आपल्या दमट हवेत रात्रभर भिजवलं तर पाण्याला वास सुटतो आणि तो कापडात उतरतो.

मग डिटर्जंट. चार-पाच पॅडना अर्धा चमचा पावडर आणि अर्धी बादली पाणी पुरतं. हात आखडता घेतलेलाच बरा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर वडीच्या साबणाचा चिकट साका होतो, कापडात अडकतो आणि पॅड पुठ्ठ्यासारखा कडक होतो. कपडे मऊ करणारं लिक्विड तर वर्ज्यच, धाग्यावर त्याचा थर बसतो. तपासायचं असेल तर कोरड्या पॅडवर पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा वर बसून राहिला तर साका साचला आहे. अशा वेळी बादलीभर कोमट पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवायचे आणि फेस येईनासा होईपर्यंत खळबळायचे. नुसत्या सुती घडीच्या पॅडना उकळतं पाणी चालतं, पीयूएलवाल्यांना नाही.

आता पिवळेपणा. पॅड मधोमध तपकिरी असेल तर तो रक्ताचा डाग. सगळाच पॅड, अगदी कडेची शिवणसुद्धा तांबूस-पिवळी दिसत असेल तर ते लोह. बादलीत पाणी रात्रभर ठेवून तळाशी तांबडा गाळ बसतो का ते पाहा. बसत असेल तर वरचं निवळ पाणी घ्यायचं, किंवा निदान शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्यात करायचं. इथे ब्लीच घालायचा मोह होतो, पण क्लोरीनच्या ब्लीचने लोहाचा डाग आणखी पक्का होतो. त्यावर आंबटच लागतं: लिंबाचा रस किंवा परसातली बिंबलं (बिलिंबीची आंबट फळं). बिंबल चिरून डागावर चोळायचं, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. गंज लागलेली भांडी आणि कपडे आपल्याकडे असेच साफ होतात. आंबट आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.

रक्ताच्या हट्टी डागाला फार्मसीत मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड चमचाभर घालावं. फेस येतो, दहा मिनिटांनी धुवावं. क्रम चुकवू नका: आधी लोह काढायचं, मग पेरॉक्साइड. लोह असताना ते घातलं तर त्या जागी कापड कुजून बारीक भोकं पडतात. गडद रंगाच्या कापडावर आधी कोपऱ्यात करून पाहावं.

वाळवणं हाच पावसाळ्यातला खरा प्रश्न. जाड शिवलेला पॅड पडवीत दोन-दोन दिवस ओला राहतो आणि मग बुरशीचे काळे ठिपके येतात. ते कापडात मुरले की जात नाहीत, तो पॅड टाकून द्यावा. म्हणून गोव्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: उघडणारे, घडीचे पॅड घ्या. थर सुटे वाळतात. धुतल्यावर कोरड्या टॉवेलात गुंडाळून त्यावर उभं राहायचं. निम्मं पाणी तिथेच जातं. मग पंख्याखाली, एकमेकांना न चिकटवता, चिमट्याने टांगायचे. शेवटी कापडाच्या बाजूने इस्त्री. वाफ निघत असेल तर आत ओल आहे. पीयूएलच्या बाजूला इस्त्री लावू नये. पॅडचा मधला भाग गालाला लावून पाहिला आणि गार वाटला, तरी पॅड ओलाच समजायचा.

ऊन असेल तेव्हा कापडाची बाजू वर करून दोन-तीन तास पुरे. पीयूएल दिवसभर तापवलं की लवकर कडक होतं. चवथीला घर पाहुण्यांनी भरलं म्हणून पॅड ओल्या टॉवेलाखाली किंवा खाटेमागे लपवून वाळवतात, ते मला मनापासून खटकतं. वारा लागणारी दोरी हीच त्यांची जागा. ठेवायला सुती पिशवी घ्यावी, प्लास्टिक नको. बंद लोखंडी कपाटही पावसात टाळावं.

बाहेर असताना वापरलेला पॅड आतल्या बाजूने दुमडून टिचबटण लावायचं आणि पिशवीत कोरडाच ठेवायचा. ओला करून बंद केला की जास्त वास मारतो. उन्हाळ्यात सात-आठ पॅडांत भागतं, पावसात दहा-बारा लागतात. खाज, पुरळ किंवा वेगळा स्राव दिसला तर धुण्याचे उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.