माझा अनुभव : बाल न्याय मंडळ आणि सीमेपलीकडे अडकलेलं वय

कर्नाटकातल्या खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी घरातला मुलगा पोलिसांच्या हाती लागला, की त्याच्या आईबापांसोबत बाल न्याय मंडळात, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांची प्रकरणं चालतात तिथे, जाऊन बसायचं, हे काम मी करतो. वकील नाही, विधी सेवा समितीचा स्वयंसेवक आहे. मंडळाच्या बाकीच्या कामकाजाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती एका कागदाबद्दल, मुलाच्या वयाच्या पुराव्याबद्दल. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलो. मुलांची नावं, गावं, गुन्हे यातलं काही इथे येणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोराचा फोटो फिरवणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

सुरळीत जाणारा भाग आधी उरकतो. मुलाला पकडल्यापासून 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मंडळापुढे न्यावं लागतं. त्या दिवशी बैठक नसेल तर एका सदस्यापुढे नेलं तरी चालतं. लॉकअप नाही, बेड्या नाहीत, त्याच्याशी वागणारा पोलीस वर्दीत नसावा. अतिगंभीर म्हणजे किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा, किंवा मोठ्या माणसांबरोबर मिळून केलेला गुन्हा सोडला, तर या कायद्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे एफआयआरही होत नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते आणि मुलाच्या घरची परिस्थिती सांगणारा अहवाल जातो. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत एक तरी बाई असते. उंच व्यासपीठ, पिंजरा असं काही नसतं. हे आईला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, निम्मी धडधड तिथेच कमी होते. वकील फुकट मिळतो. मुलासाठी उत्पन्नाची अटही नाही. विधी सेवेच्या 15100 या क्रमांकाला फोन करा किंवा थेट तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा.

आता वयाचं.

मुलगा बारा-तेरा वर्षांचा असेल तर अडचण नाही. चेहऱ्यावरूनच मूल असल्याचं उघड असेल, तर मंडळ तशी नोंद करून पुढे जातं. अडकतात ती पंधरा ते अठराच्या मधली पोरं, ज्यांना मिसरूड फुटलेलं असतं आणि खांदे भरलेले असतात. त्यांच्याबाबत दोन रेघा महत्त्वाच्या. अठराच्या पुढे गेला तर प्रकरण मंडळाकडे येतच नाही. पोरगा साध्या न्यायालयात आणि तिथून बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगात जाऊ शकतो. दुसरी रेघ सोळाची. गुन्हा अतिगंभीर असेल आणि मुलाला सोळा पूर्ण झाली असतील, तर त्याला मोठ्यांसारखं चालवायचं का, याची प्राथमिक पडताळणी मंडळ करतं. सोळाला चार दिवस कमी असतील तर तो प्रश्नच येत नाही. आणि वय मोजायचं ते गुन्ह्याच्या तारखेला, पकडलेल्या तारखेला नव्हे. हे मी प्रत्येक घरी सांगतो आणि प्रत्येक घरी ते नवीन असतं.

पोलीस पहिल्यांदा मागतात आधार, आणि आईबापही तेच पुढे करतात. आमच्याकडच्या कितीतरी आधार कार्डांवर जन्मतारीख 1 जानेवारी आहे. नोंदणीच्या वेळी कागद नव्हता, म्हणून अंदाजे साल सांगून काढलेली ती तारीख. एका ठाण्यात अशाच कार्डावरून मुलाचं वय अठराच्या वर लिहिलं गेलं आणि ते कागदावरून काढून टाकायला जीव मेटाकुटीला आला. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही आधार हातात दिलं, की पुढचा माणूस त्यावरचीच तारीख उतरवून घेतो. म्हणून ते मागितल्याशिवाय काढू नका, आणि द्यावंच लागलं तर ‘ही तारीख अंदाजे आहे’ असं वकिलाकडून लेखी द्या.

कायद्यातली उतरंड कलम 94 मध्ये आहे. पहिल्यांदा शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीच्या बोर्डाचं प्रमाणपत्र, म्हणजे आपल्याकडचं एसएसएलसीचं मार्क्स कार्ड. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. ज्याची दहावी झाली त्याचं काम तासाभराचं. पण मंडळात येणारी बरीच पोरं आठवी-नववीतच शाळेतून निसटलेली असतात, त्यामुळे सगळा भार शाळेच्या दाखल्यावर येतो.

इथे सीमा आडवी येते. आपल्याकडे सोयरिकी चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्यापर्यंत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे जन्माची नोंद महाराष्ट्रात. आई आजारी पडली किंवा बाप कामाला बाहेर गेला, तर पोरगा आजोळी राहतो आणि पहिली-दुसरी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. मग खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत, पुढे कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात. शेवटच्या शाळेची टी.सी., म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, घरात असते, आईबाप तीच घेऊन येतात. पण त्या टी.सी.वरची तारीख आधीच्या टी.सी.वरून उतरवलेली, ती त्याच्या आधीच्या. 2023 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा नुसत्या टी.सी.वर वय ठरवायला नकार दिला. समोरचा वकील तेवढंच पकडून बसतो : ही तारीख पहिल्यांदा लिहिली कोणी, कशावरून? उत्तर असतं पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत, आणि ते रजिस्टर असतं दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या दोन शिक्षकी शाळेच्या कपाटात.

एका प्रकरणात मुख्याध्यापकांकडे रजिस्टर मागणारं पत्र निघालं ते कन्नडमध्ये. महाराष्ट्रातल्या त्या शाळेत कन्नड वाचणारं कोणी नाही. त्यांनी ते फाइलला लावलं आणि तारखेवर तारीख पडत गेली. इकडे ‘शाळेकडून उत्तर नाही’, तिकडे ‘कर्नाटकातून कसलंसं पत्र आलंय’. दोन्हीकडची माणसं सभ्य होती, कोणी काही लपवत नव्हतं, आणि मुलगा निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी संपेपर्यंत मुलांना ठेवतात तिथे, बसून होता. पत्राखाली इंग्रजीत चार ओळी असत्या तरी काम झालं असतं. तेव्हापासून पत्र निघायच्या आधीच वकिलाकडून मी एवढं मागायला लावतो : पत्र इंग्रजीत असावं, त्याची प्रत त्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना जावी, आणि एक प्रत पालकांच्या हाती मिळावी. वरिष्ठांचा शेरा पडला, की मुख्याध्यापक मोकळे होतात. मुलाला कामकाजाची भाषा कळत नसेल तर दुभाषा किंवा भाषांतरकार देणं हे कलम 8 प्रमाणे मंडळाचं कामच आहे, उपकार नाही. मागितला की मिळतो. मागायला मात्र कोणी धजत नाही, कारण या भागात भाषेचा विषय काढला की तो लगेच वेगळ्याच बाजूला जाईल अशी भीती असते. दोन ओळींच्या अर्जात ‘आईला मराठीच समजते’ एवढंच लिहा, बाकी काही नको.

शाळेत स्वतः जाणार असाल तर सुट्ट्या बघून जा. आपल्याकडच्या शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतात, महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्याला. त्या मधल्या दिवसांत तिथे गेलात तर कुलपाशी बोलून परत याल. पटसंख्येअभावी शाळा बंद झाली असेल तर रजिस्टर कुठे गेलं ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. ‘दाखला द्या’ असं मोघम म्हणू नका, म्हणालात तर टी.सी.ची दुय्यम प्रत हातात पडेल. ‘जनरल रजिस्टरवरून जन्मतारखेचा दाखला, रजिस्टर क्रमांक आणि प्रवेशाच्या तारखेसह, आणि त्या पानाची साक्षांकित झेरॉक्स’ असं लेखी मागा. त्या पानावर मुलाच्या वरच्या आणि खालच्या मुलांच्या नोंदी दिसू द्या. मधे घुसडलेली नोंद नाही, हे त्यावरून कळतं.

जन्मदाखल्यातही गोची आहे. नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, आईच्या माहेरी किंवा सासरी नव्हे. बाळंतपण गडहिंग्लजच्या दवाखान्यात झालं असेल तर चंदगड तालुक्यातल्या ग्रामसेवकाकडे कितीही खेटे घातले तरी काही सापडणार नाही. बऱ्याच नोंदींत बाळाच्या नावाचा रकाना रिकामा असतो. प्रकरण सुरू झाल्यावर घाईघाईने तिथे नाव घालून घेतलं तर संशयाला जागा होते, वकिलाला विचारल्याशिवाय ते करू नका. रिकाम्या नावाचा दाखला, सोबत दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड आणि आईचं प्रतिज्ञापत्र, असा संच सरळ असतो. दाखल्याचा एक फायदा असा, की महाराष्ट्रात तो मराठी-इंग्रजी आणि कर्नाटकात कन्नड-इंग्रजी असतो, त्यामुळे भाषांतराची भानगड नाही. शाळेचा उतारा मात्र मराठीतच येतो. त्याचं इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर नोटरी करून जोडावं लागतं.

नावांचं तर विचारूच नका. एका कागदावर परशुराम, दुसऱ्यावर परशराम, तिसऱ्यावर आडनाव आधी, चौथ्यावर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. ही सगळी नावं एकाच मुलाची, असं पालकाचं प्रतिज्ञापत्र पहिल्याच तारखेला तयार ठेवा. मंडळाने विचारल्यावर करायला घेतलंत की एक तारीख गेलीच.

हाडांच्या तपासणीला मी शेवटपर्यंत विरोध करतो. ‘कागद कशाला शोधता, एक एक्स-रे काढला की झालं’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तिच्यातून नेमकी तारीख निघत नाही, अंदाज निघतो, आणि तो एखाद-दोन वर्षांनी इकडेतिकडे होऊ शकतो. पावणेसतरा वर्षांच्या पोराला हा जुगार कशाला? आदेश झालाच तर आदेशापासून पंधरा दिवसांत तपासणी पूर्ण व्हायला हवी, एवढं लक्षात ठेवा. आणि पोरगा आधीच साध्या न्यायालयात गेला असेल तर धीर सोडू नका. ‘गुन्ह्याच्या वेळी मी अठराच्या आत होतो’ हा दावा कुठल्याही न्यायालयात, कुठल्याही टप्प्यावर, निकालानंतरही करता येतो.

जामिनाचं सांगायचं राहिलं. मुलाच्या बाबतीत गुन्हा जामीनपात्र आहे की नाही हा प्रश्न नसतो, सोडणं हाच नियम. वाईट संगतीत पडेल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल असं वाटलं तरच मंडळ अडवतं, आणि त्याची कारणं लिहितं. जामीनदाराशिवायही सोडता येतं. जमिनीचा उतारा आणा असं कोणी बाहेर सांगितलं तर घाबरून पाहुण्यांच्या दारात जाऊ नका, आधी वडिलांच्या हमीपत्रावर सोडण्याची विनंती करा. अटी झेपल्या नाहीत आणि सात दिवस गेले, तर अटी बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावं लागतं.

घरची परिस्थिती बघून मंडळाला अहवाल देणारे परिवीक्षा अधिकारी घरी येतात त्या दिवशी आई घरी असावी, आणि दोन्ही भाषा येणारं एखादं शेजारचं माणूस जवळ असावं. मुलगा शाळेत का जात नाही, कामाला कुठे जातो, घरात कमावतं कोण, हे खरं सांगा. ‘आमचं ऐकत नाही हो’ हे वाक्य रागात सुटतं आणि अहवालात ‘पालकांचं नियंत्रण नाही’ होऊन बसतं. मुलगा समज देऊन घरी येणार, समाजसेवेवर जाणार की विशेष गृहात, याचा बराचसा कल त्या अहवालातून ठरतो.

चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, मंडळ स्वतः फार तर दोन महिने वाढवू शकतं. किरकोळ गुन्ह्यात त्यानंतरही निकाल लागला नाही तर प्रकरण बंद होतं. हे माहीत असलेले काही जण ‘तारखा जाऊ देत’ म्हणतात. पोरगा घरी असेल तर ठीक आहे. आत असेल तर वयाच्या कागदात गेलेला एकेक महिना त्याच्या शाळेतून आणि कामातून जातो. मंडळाने पहिल्याच दिवशी ‘पहिली शाळा कुठली, जन्म कुठल्या दवाखान्यात’ हे दोन प्रश्न विचारून लिहून ठेवले, तरी यातला निम्मा खोळंबा टळेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, छापील फॉर्मवर दोन ओळी लागतात.

चंदगडचा मुलगा बेळगावात सापडला तर प्रकरण लगेच कोल्हापूरला पाठवता येईल, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. चौकशी पूर्ण होऊन अंतिम आदेश झाल्यावरच मुलाला त्याच्या जिल्ह्याकडे पाठवता येतं, तेव्हा तारखांना इकडेच यावं लागेल. सीमेवर काही तापलं की आंतरराज्य बसगाड्या बंद होतात. 1 नोव्हेंबरच्या, म्हणजे काळ्या दिनाच्या, आसपास किंवा बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलेलं असताना तारीख पडली, तर आदल्या दिवशीच येऊन पाहुण्यांकडे उतरा.

आणि मूळ जन्मदाखला पोलिसांच्या हाती देऊ नका. झेरॉक्स द्या, आपल्या प्रतीवर पोच घ्या, मूळ कागद फक्त मंडळाला दाखवा.