चिलिका: लालसरी पाहायची तर दुसरा दिवस राखून ठेवा

ओडिशातल्या चिलिका सरोवरावर लालसरी हे बदक पाहायचं, तर मुंबई-पुण्याहून कोणार्क एक्सप्रेसने खुर्दा रोडला उतरायचं, तिथून टॅक्सीने टांगीमार्गे सरोवराकाठच्या मंगलाजोडी गावी. मुक्काम गावातच करा, कारण सकाळी सहाला होडीत बसायला हवं. होडी बांबूने ढकलत नेतात, इंजिन नाही. त्यामुळे मालगुजे (लांब चोचीचे पाणथळ पक्षी) आणि तलवार बदकं अगदी जवळून दिसतात. नावाडी-गाईडांपैकी काही जण पूर्वी शिकार करायचे. पक्ष्यांची त्यांची जाण विलक्षण आहे.

लालसरी (कॉमन पोचार्ड) मात्र बुडी मारून खाणारं बदक. तिला गवताळ उथळ पाण्यापेक्षा मोकळं, थोडं खोल पाणी लागतं. २०१५ पासून ती धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत (आययूसीएन) ‘असुरक्षित’ आहे, म्हणून तिच्यासाठी वेगळा दिवस काढणं योग्यच. बालुगावजवळच्या बरकुल धक्क्यावरून सरोवरातल्या नलबाण बेटाच्या दिशेने मोटारबोट घ्या. नलबाण अभयारण्य आहे, बेटावर उतरता येत नाही.

इथे अडचण उजेडाची. बरकुल पश्चिम काठावर, म्हणजे सकाळी जाताना सूर्य डोळ्यांवर आणि बदकं नुसती काळी. थवा दिसला की लांबून वळसा घालून सूर्य पाठीशी घ्यायला सांगा. दुपारचा उजेड चांगला, पण वारा सुटला की लाटांमध्ये काही टिपता येत नाही. हलत्या बोटीत स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) निरुपयोगी. ८×४२ची दुर्बीण पुरे. स्कोप मंगलाजोडीच्या बांधावर लावा.

लालसरी बरंचसं रात्री खाते, दिवसा चोच पाठीत खुपसून झोपते. नराची दिसते ती राखाडी पाठ, पुढे-मागे काळा रंग आणि तांबूस डोकं. मोठी लालसरी ही वेगळी जात, तिच्या नराचं डोकं गोल, नारिंगी आणि चोच लाल. फेरुजिनस बदक (शेपटीखाली पांढरं असलेलं तपकिरी बदक) ओळखताना फसगत होते ती शेंडी बदकाच्या (टफ्टेड डक) मादीमुळे, तिच्याही शेपटीखाली कधी कधी पांढरं असतं. डोळा पाहा: पिवळा असेल तर शेंडी बदक, पांढरा असेल तर फेरुजिनसचा नर. फेरुजिनस मादीचा डोळा तपकिरी असतो.

झोपलेल्या माना वर झाल्या आणि थवा एका दिशेने सरकू लागला की इंजिन बंद करायला सांगा. या बदकांना उडण्यासाठी पाण्यावर धावावं लागतं, त्यात बरीच शक्ती जाते. जवळच्या फोटोसाठी नावाड्याला जादा पैसे देऊ नका.

डिसेंबर-जानेवारी उत्तम. बोटीत पाणी, टोपी आणि लाइफ जॅकेट हवंच. स्वच्छतागृह धक्क्यावरच उरकून घ्या.